सहाध्यायींबरोबर ऑनलाइन काम करण्यास विद्यार्थी का कचरतात? : बऱ्हाणपूरच्या अनुषंगाने एक विचार

तापीच्या काठी वसलेले बऱ्हाणपूर हे मोगल काळात खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण होते. आज ते मध्य प्रदेशात आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी पूर्व निमाड जिल्ह्यातून वेगळा काढून त्याचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे साडेसात लाख होती. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील या शहराचे रावेर आणि जळगावशी नाते जुने आहे. केळीचा व्यापार, सोयरीक व सणवार यांच्या निमित्ताने राज्याची सीमा रोज ओलांडली जाते. येथील महाविद्यालयाच्या एकाच वर्गात घरी मराठी वा निमाडी बोलणारा शेतकऱ्याचा मुलगा, उर्दू बोलणारी विणकराची मुलगी आणि खकनार भागातील कोरकू घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेले असू शकतात. शिक्षणाचे माध्यम मात्र सर्वांना हिंदी. विद्यार्थ्यांच्या सहकार्याचा प्रश्न पडताळून पाहण्यास यापेक्षा अनुरूप ठिकाण शोधून सापडणे कठीण.

राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० पदवी स्तरावर लागू करणाऱ्या पहिल्या काही राज्यांत मध्य प्रदेशाचा समावेश होतो. तेथे २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून पदवी अभ्यासक्रमात प्रकल्पकार्य, प्रशिक्षुता व समाजसंपर्क यांना स्थान मिळाले. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही त्याच धर्तीचे अभ्यासक्रम त्यानंतर आले. प्रकल्प म्हटला की गट पाडणे ओघाने येते. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे महाविद्यालये बंद झाली तेव्हापासून गटाचे काम फोनवर करण्याची जी सवय लागली, ती वर्ग पुन्हा भरू लागल्यावरही सुटली नाही. प्राध्यापक पाच-सहा नावांची यादी व्हॉट्सॲपवर टाकतात, विषय व मुदत कळवतात, आणि पुढचे काम विद्यार्थ्यांनी आपसात करावे अशी अपेक्षा असते.

त्यानंतर जे घडते ते बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. पहिले दोन दिवस अभिवादनाचे संदेश येतात. नंतर शांतता पसरते. मुदतीच्या आदल्या रात्री एक किंवा दोन विद्यार्थी जागून संपूर्ण प्रकल्प लिहितात व त्यावर सहा जणांची नावे घालतात. पुढच्या सत्रात त्या दोघांपैकी एक जण शिक्षकाला भेटून, “मला एकट्यालाच काम द्या,” अशी विनंती करतो. विद्यार्थी आळशी झाले, स्वार्थी झाले, फोनवर वेळ घालवतील पण अभ्यास करणार नाहीत, असा निष्कर्ष यावरून सहज काढला जातो.

हा निष्कर्ष टिकणारा नाही. तेच विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, हस्तलिखित टिपणे आणि अपेक्षित प्रश्नांच्या याद्या एकमेकांना रात्री-अपरात्री पाठवीत असतात. त्यासाठी कोणी गट पाडून दिलेले नसतात आणि कोणी गुणही देणार नसते. फोनचे त्यांना वावडे नाही आणि सहकार्याचेही नाही. विरोध असतो तो एका विशिष्ट व्यवस्थेला. ती व्यवस्था तपासल्यास विद्यार्थ्याचा नकार पुष्कळदा हट्टाचा नसून हिशेबाचा असतो, असे आढळून येते.

न दिसणारे श्रम

मॅक्सिमिलियन रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढावयास लावून त्यांचा जोर मोजला. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकटा माणूस ओढताना जेवढा जोर लावतो, तेवढा तो आठ जणांत मिसळल्यावर लावीत नाही. आठ जणांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला एकट्याच्या निम्म्याच्या आसपासच जोर येत असल्याचे त्याला आढळले. काही घट ताळमेळ न साधल्यामुळे होती, हे उघड आहे. परंतु १९७९ साली अमेरिकेत बिब लाताने व त्याच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजविणे व ओरडणे या साध्या कृतींवर प्रयोग केले. तेथे ताळमेळाचा भाग वेगळा काढूनही घट शिल्लक राहिली. १९८१ साली त्यांनी पुढची पायरी गाठली. प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणे मोजला जात आहे, असे सहभागी व्यक्तींना वाटले तेव्हा गटातही त्यांचा प्रयत्न कमी झाला नाही. म्हणजे माणूस गटात असल्यामुळे ढिला पडतो असे नसून त्याचे काम कोणाला दिसत नाही तेव्हा ढिला पडतो.

कामचुकार सहकाऱ्याबद्दल एवढे झाले. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो काम करणारा विद्यार्थी. नॉर्बर्ट कर या संशोधकाने १९८३ मध्ये असे दाखवून दिले की, आपला जोडीदार समर्थ असूनही आपल्या जिवावर बसून आहे असे ज्याला वाटते, तो स्वतःचाही प्रयत्न कमी करतो. काम बिघडले तरी चालेल, पण आपण मूर्ख ठरू नये, अशी त्याची वृत्ती होते. बऱ्हाणपुरातला जो विद्यार्थी एकट्याला काम मागतो, त्याने या प्रयोगाचे नाव ऐकलेले नसेल. पण एका सत्रात त्याने तो अनुभवलेला असतो.

येथे ग्रामीण वाचकास सावडीची आठवण व्हावी. एका शेतकऱ्याने आज दुसऱ्याच्या शेतात बैल व मनुष्यबळ घेऊन जायचे आणि दुसऱ्याने उद्या त्याच्याकडे यायचे, ही पद्धत मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सावडीचा कागद होत नाही, तरी ती मोडत नाही. कारण श्रम सर्वांच्या डोळ्यांदेखत होतात. कोणी उशिरा आला, कोणाचा बैल थकला होता, हे बांधावरच्या पोरालाही कळते. ज्याच्याशी सावड करावयाची तो माणूस शेतकऱ्याने स्वतः निवडलेला असतो. आणि देण्याची परतफेड त्याच हंगामात व्हावयाची असते. न केल्यास पुढल्या वर्षी त्याच्याबरोबर कोणी सावड करीत नाही. फोनवरील गटात या तिन्ही गोष्टी नाहीत. श्रम दिसत नाहीत, सोबती यादीने ठरतात, आणि सत्र संपताच गट विरतो, तेव्हा देणे फेडण्याची वेळच येत नाही. सावडीतून सावडपण काढून घेतल्यावर उरते ती वेठ, आणि वेठीला माणूस टाळाटाळ करणारच.

गुणांचा प्रश्न

शालेय वयापासून विद्यार्थ्यास शिकविले जाते की, शेजाऱ्याच्या पाटीत डोकावू नये, आपले आपण लिहावे. दहावी-बारावीच्या परीक्षेत हाच नियम मोडणे गुन्हा ठरतो. बारा वर्षे ही शिकवण पक्की झाल्यावर पदवीच्या वर्गात त्याला एकदम सांगितले जाते की, आता सर्वांनी मिळून एक लिहा आणि सर्वांना एकच गुण मिळतील. दुसऱ्याचे वाक्य सुधारणे हे साहाय्य की ढवळाढवळ, दुसऱ्याने आणलेला मजकूर आपल्या नावावर जाणे हे सहकार्य की नक्कल, याचा उलगडा त्याला कोणी करून दिलेला नसतो. गटातील एकाने कोठून तरी उतरवून घेतलेला मजकूर पकडला गेला तर सहाही जण दोषी ठरतात. आता संगणकाकडून मजकूर लिहून घेण्याच्या सोयी झाल्याने ही भीती वाढली आहे.

ज्याच्या घरी पदवी ही नवी वस्तू नाही, त्याला पाच गुण इकडे-तिकडे झाल्याचे फारसे काही वाटत नाही. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्याची गोष्ट निराळी. घरातील पहिल्या पिढीचा विद्यार्थी नापास झाल्यास किंवा वर्ष वाया गेल्यास त्याला यंत्रमागावर वा केळीच्या बागेत लावण्याचा विचार घरात सुरू होतो. असा विद्यार्थी आपले गुण अनोळखी पाच जणांच्या हवाली करावयास तयार नसेल, तर तो असहकारी आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल.

याच संदर्भात आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. साठ विद्यार्थ्यांचे साठ प्रकल्प तपासण्यापेक्षा दहा गटांचे दहा तपासणे सोपे असते. गट आपल्या हितासाठी नसून तपासणी हलकी करण्यासाठी आहेत, असा संशय विद्यार्थ्यांना येतो. तो प्रत्येक वेळी खोटाच असतो असे नाही.

फोन कोणाचा?

कार्यालयीन टिपणीत विद्यार्थी हा शब्द सरसकट वापरला जातो, परंतु फोनच्या बाबतीत विद्यार्थी व विद्यार्थिनी यांची स्थिती सारखी नाही. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे त्या स्वतः वापरतात असा मोबाइल फोन होता. मध्य प्रदेशात हे प्रमाण ४० टक्क्यांहूनही कमी होते. त्यानंतर फोन वाढले आहेत हे खरे. तरी घरातील एकच फोन वडिलांकडे किंवा भावाकडे असणे आणि तो संध्याकाळी तासभर मुलीच्या हाती येणे ही गोष्ट अद्याप अपवादात्मक झालेली नाही.

समजा, अशा एका विद्यार्थिनीचे नाव चार मुलांसमवेत गटात घातले गेले. गट होताच तिचा, किंबहुना तिच्या वडिलांचा, क्रमांक त्या चौघांना मिळतो. रात्री अकरा वाजता तक्त्याबद्दल आलेला निर्दोष संदेश घरातील कोणी वाचतो आणि हा कोण, एवढ्या रात्री का लिहितो, असा प्रश्न निघतो. उत्तर देण्यापेक्षा गटात गप्प राहणे तिला सुरक्षित वाटते. इतर चौघे तिच्या मौनाचा अर्थ निष्काळजीपणा असा घेतात. शिक्षकाकडे तक्रार गेल्यास ती खरे कारण सांगेलच असे नाही. कारण ते सांगणे म्हणजे घराची गोष्ट चावडीवर नेणे. येथे पणाला लागलेले असते ते तिचे शिक्षण चालू राहणे. एखाद्या प्रकल्पाचे दहा गुण गेले तरी चालतील, पण फोनवरून वाद होऊन महाविद्यालय सुटू नये, हा तिचा विचार शहाणपणाचाच आहे.

साधनांची उणीव हा याचाच दुसरा भाग. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, तर शहरी भागात ते प्रमाण ४२ टक्के होते. संगणक ग्रामीण भागात शेकडा चार कुटुंबांकडे तर शहरी भागात शेकडा तेवीस कुटुंबांकडे होता. आता इंटरनेट खेडोपाडी पोहोचले आहे, पण ते मुख्यतः फोनद्वारे. बोटभर रुंदीच्या पडद्यावर सहा जणांनी मिळून वीस पानांचा अहवाल लिहिणे आणि त्यातील तक्ते जुळविणे हे काम किती त्रासाचे आहे, हे एकदा स्वतः करून पाहिल्यावाचून लक्षात येत नाही. ज्याच्या घरी संगणक आहे त्याच्यावर सर्व भार पडतो. ज्याच्या घरी नाही तो आपण निरुपयोगी आहोत असे समजून बाजूला होतो. एकाला राग, दुसऱ्याला संकोच. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र दोघेही सारखेच असहकारी दिसतात.

लिहिलेला शब्द

पारावर किंवा उपाहारगृहात बोलताना चुकीचे वाक्य हवेत विरून जाते. ऑनलाइन गटात ते लिहून राहते. घरी उर्दू, कोरकू किंवा मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला हिंदीत बोलता येते. पण हिंदीत लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ, लिंग व विभक्ती यांची धास्ती असते. मराठी बोलणाऱ्याच्या हिंदीत लिंगाची गल्लत विशेष होते. जो शब्द मराठीत नपुंसकलिंगी, तो हिंदीत पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हे पाठच करावे लागते. उर्दू शाळेतून आलेल्याची अडचण लिपीपासून सुरू होते. वर्गात शिक्षकासमोर उत्तरपत्रिकेत चूक झाली तर ती एकालाच कळते. सर्वांच्या समाईक कागदावर मात्र ती सर्वांना दिसते, आणि एखादा हुशार सहाध्यायी ती तत्काळ खोडून दुरुस्तही करतो. अशा दोन दुरुस्त्या झाल्या की विद्यार्थी तिसरे वाक्य लिहावयास धजत नाही.

याशिवाय लिखित संदेशात आवाजाचा चढउतार नसतो. जस्टिन क्रूगर व इतरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, लिहिणाऱ्याला आपला थट्टेचा वा गांभीर्याचा सूर वाचणाऱ्यास नीट कळेल अशी खात्री असते, प्रत्यक्षात तो बराच कमी कळतो. “ठीक आहे” हे दोन शब्द संमतीचे, रागाचे किंवा उपेक्षेचे असू शकतात. समोरासमोर हे चेहऱ्यावरून समजते. संदेश वाचला गेल्याची निळी खूण दिसूनही उत्तर न आल्यास त्यातून जे अर्थ काढले जातात, त्यांना तर सीमाच नाही. ज्या वर्गात आधीच मोहल्ला, जात, धर्म व भाषा यांची अंतरे आहेत, तेथे अशा एखाद्या गैरसमजाला भलतेच रूप येण्यास वेळ लागत नाही.

वेळेची अडचणही विचारात घ्यावयास हवी. भोपाळचे मध्य प्रदेश भोज मुक्त विश्वविद्यालय १९९१ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, ते मुख्यतः नोकरी-व्यवसाय, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. दुसऱ्याच्या वेळापत्रकाशी बांधून न घेता शिकता यावे म्हणूनच तो विद्यार्थी दूरशिक्षणाकडे वळतो. त्याला पुन्हा पाच जणांच्या सवडीची वाट पहावयास लावणे म्हणजे ज्या कारणासाठी तो आला ते कारणच काढून घेणे होय. यंत्रमागाच्या पाळीवर जाणाऱ्या नियमित विद्यार्थ्याचीही हीच तक्रार असते.

व्यवस्था कशी असावी

या सर्वांवरून ऑनलाइन समूहकार्य टाकून द्यावे, असा अर्थ कोणी घेऊ नये. १९७१ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या व मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसविण्यात आले, तेव्हा तणाव निर्माण झाला. त्या वेळी एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने पाठाचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलास एकच तुकडा दिला. ज्या मुलाला इतर जण मंद समजत, त्याच्याकडील तुकड्यावाचून त्यांचा पाठ पूर्ण होईना. नाइलाजाने का होईना, ती त्याचे ऐकू लागली. प्रत्येकाजवळ दुसऱ्याकडे नाही असे काही असणे ही यातील मुख्य गोष्ट होती.

बऱ्हाणपुरात तुकडे पाडावयास दूर जावे लागत नाही. तेथील कुंडी भंडारा ही सतराव्या शतकाच्या प्रारंभी, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेली पाणीव्यवस्था उदाहरणादाखल घेता येईल. सातपुड्यातून झिरपणारे पाणी शंभराहून अधिक कुंड्यांना जोडणाऱ्या भुयारातून शहराकडे आणले गेले. या विषयावर प्रकल्प द्यावयाचा असल्यास उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थिनीने जुन्या मोहल्ल्यांतील वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, शेतकऱ्याच्या मुलाने आसपासच्या विहिरींची पाण्याची पातळी नोंदवावी, कोरकू विद्यार्थ्याने डोंगरातील झऱ्यांची माहिती आपल्या गावातून आणावी, आणि मराठी जाणणाऱ्याने खानदेशच्या इतिहासावरील मराठी ग्रंथ पहावेत. येथे कोणाचे काम दुसरा रातोरात उरकून टाकू शकत नाही.

गट तीन किंवा चार जणांचा असावा. पहिली बैठक महाविद्यालयातच, शिक्षकांसमोर व्हावी. चेहरे ओळखीचे झाल्यानंतर संदेशांतील गैरसमज पुष्कळ कमी होतात. प्रत्येकाने केलेल्या कामाची तारीखवार नोंद एका साध्या वहीत ठेवावी आणि निम्मे तरी गुण त्या नोंदीवर व तोंडी परीक्षेवर अवलंबून असावेत. विद्यार्थिनींना आपला गट निवडण्याची मुभा असावी, आणि खासगी क्रमांक उघड न होता महाविद्यालयाच्या खात्यातून संदेश पाठविण्याची सोय करावी. संदेशांची वेळ रात्री आठपर्यंत ठरवून दिल्यास अनेक घरांतील कटकट टळेल. संगणक नसणाऱ्यांना ग्रंथालयातील संगणक ठरावीक तास राखून ठेवावेत. हस्तलिखित भाग स्वीकारण्यास हरकत नसावी. कच्चा मजकूर प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहावा आणि हिंदी शुद्ध करण्याचे काम शेवटी एकत्र बसून करावे. काम न करणाऱ्याविषयी मुदतीपूर्वीच, गुपचूप सांगता येईल असा मार्ग असावा. मुदत संपल्यावर आलेल्या तक्रारीचा उपयोग भांडणापलीकडे होत नाही.

एवढे करूनही एखादा विद्यार्थी एकट्याने काम करण्याची परवानगी मागेल. त्याचे कारण ऐकून घ्यावे आणि ते रास्त असल्यास परवानगी द्यावी. यासाठी शिक्षकाला गटांबरोबर बसावे लागेल, नोंदवह्या वाचाव्या लागतील, तोंडी परीक्षा घ्याव्या लागतील. तपासणी हलकी करण्यासाठी पाडलेल्या गटांपेक्षा हे काम जास्त आहे. तेव्हा त्या तासांची नोंद शिक्षकाच्या कार्यभारात होणे अगत्याचे आहे, आणि हा निर्णय शिक्षकाच्या हातचा नसून महाविद्यालयांच्या प्रशासनाचा व विभागाचा आहे.